तीस सेकंदांचा समुद्र

आर्वीपासून अरबी समुद्र पाचशे किलोमीटरांच्या वर, बंगालचा उपसागरही तसाच. दोघांनी मिळून आम्हाला बरोबर मधे टाकलंय. आमच्या बाजूची समुद्राकाठी नांदायला गेलेली पहिली मुलगी म्हणजे नदीपलीकडच्या कौंडण्यपूरची रुक्मिणी, आणि द्वारकेहून तिनेही काही फोटोबिटो पाठवले नाहीत. त्यामुळे मी कोकणात निघालो, तेव्हा गल्लीतून एकच फर्माईश आली, "लाटेचा फोटो आनजो."

आता लाट किती वेळाची, हे गल्लीला कोण सांगणार? शटर एका सेकंदाच्या हजाराव्या भागात मिटतं तसं अर्ध्या मिनिटातही मिटतं, आणि दोन्हीतला समुद्र एकमेकांना ओळखही दाखवत नाही.

सराव मी धनोडीला केला होता. पावसाळ्यात निम्न वर्धा धरणाचे दरवाजे उघडले की अर्धी आर्वी तिथंच असते. धरणाचं पाणी मात्र सरकारी. तासभर बघा, तेच पडत राहतं. लाट येते, फुटते, परत फिरते, आणि या तीन वेळांना तिचे तीन वेगळे भाव असतात.

हेदवीला आम्ही संकष्टीच्या दिवशी पोचलो, कारण मामींना दशभुज गणपतीचं दर्शन त्याच दिवशी हवं होतं. मला हवी होती बामणघळ. कातळातली ही अरुंद चीर. भरतीला लाट आत घुसते आणि कोंडलेलं पाणी उंच उसळतं. भरतीची वेळ काढायला कोकणात सोपा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. उपासांपायी मामींना पंचांग तोंडपाठ, म्हणजे समुद्राचं वेळापत्रक त्यांच्या पर्समध्येच होतं. तीनच्या सुमाराला पाणी उसळलं आणि मी शटर दोन हजारांश सेकंदावर ठेवून झोडपलं. थेंबन् थेंब हवेत सुटा उभा. मामांनी पडद्यावर पाहिलं आणि म्हणाले, "काच फुटल्यावानी दिसते."

खरं सांगायचं तर माझाही जीव अर्ध्या सेकंदात आहे. तोही परतणाऱ्या लाटेवर. लाट फुटताना सगळेच बटण दाबतात. जरा धीर धरावा, पाणी मागे सरायला लागलं की दाबावं. मग फेसाच्या पांढऱ्या रेघा वाळूवर ओढल्या जातात आणि समुद्र कुठून कुठे गेला ते दिसतं. त्याआधी तिपाईचे पाय वाळूत चांगले खुपसावेत, नाहीतर पायाखालची वाळू सरकते आणि फोटोत समुद्राऐवजी आपणच हललेले असतो.

संध्याकाळी गुहागरच्या किनाऱ्यावर मी काळा फिल्टर काढला. तो हजारपट उजेड अडवतो. जिथं तीसांश सेकंद पुरला असता, तिथं अर्धं मिनिट लागतं. समोर आमचं अख्खं खानदान फिरत होतं. मामी, मावशी, पोरं, सगळे फोटोसाठी मुद्दाम मधून चालत होते. मामा तेवढे प्रवासाने दमून खुर्चीत झोपले होते. पुढे काय होणार हे मला ठाऊक होतं, पण कलेसाठी गप्प राहिलो.

ठाऊक असायचं कारण जुनं आहे. 1838 साली दगेर या फ्रेंच छायाचित्रकारानं पॅरिसच्या गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. प्लेटला कित्येक मिनिटं उजेड द्यावा लागला. घोडागाड्या, माणसं, सगळी वर्दळ पुसली गेली. उरला तो बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक गृहस्थ.

आर्वीत फोटो पाहायला बैठक भरली. लाटांच्या जागी सपाट पांढरं काहीतरी. "समुद्र कुठी हाय यात?" शेजारच्या काकूंनी विचारलं. "धुकं तं डिसेंबरात आपल्या कपाशीवरही रायते. त्यासाठी इतक्या दूर कायले गेलते?" पण खरा बॉम्ब मामींनी टाकला. "आन् मी कुठी हाय? मी तं इथूनच चालत होती ना!" मावशी नाही, पोरं नाहीत. अथांग किनाऱ्यावर एकटे मामा, डोळे मिटून, हनुवटी छातीवर, एखाद्या ऋषीसारखे.

मामांनी तो फोटो मोठा करून, काचेची फ्रेम घालून बैठकीत लावलाय. कोणी आलं की सांगतात, "ध्यान लागलं होतं." मग मामी आतून पाण्याचा ग्लास घेऊन येतात आणि फ्रेमच्या काचेवर बोट ठेवून पाहुण्याला सांगतात, "मी इथं हाय. यांच्या डाव्या हाताले."