आप्पांचा आकडा

मे महिन्यात जळगावात लग्नं आणि ऊन बरोबरीने चढतात. आप्पा लग्नाला जातात ते उन्हावर बोलायला. कूलरसमोरची खुर्ची धरायची, बागायती रुमालाने मान पुसायची आणि शेजारच्या अनोळखी पाहुण्याला विचारायचं, "पेपरमा आज कितला शे?" पाहुणा सांगतो, चव्वेचाळीस पूर्णांक काहीतरी. आप्पांना एवढंच हवं असतं. ते आधी स्टेजकडे, मग आचाऱ्याकडे बघतात, दोघांपैकी कोणी कान देत नाही याची खात्री करतात आणि पाहुण्याकडे झुकतात. "खोटा शे. खरा पन्नासना वर शे. पन्नास म्हनतीन तर सुटी देनी पडी, म्हनीसन दपाडतस."

कोण दपाडतं? आप्पांच्या वाक्यात लपवणारा कधी येत नाही. फार खोदून विचारलं तर "त्या" म्हणतात आणि हनुवटी किंचित वर करतात. वर बहुतेक वेळा पंखा असतो.

पन्नास अंश झाले की सक्तीची सुटी, असा कायदा आपल्याकडे नाही. आणि राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले, ते हवामान खात्यानेच जाहीर केले. हे मी आप्पांना सांगितलं होतं. "राजस्थाननं सांगू नको, तठे सुटी देवाले माणसं कितला शेत?" या प्रश्नावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

त्यांच्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत एक कात्रण आहे. २९ मे २०२४ रोजी दिल्लीजवळच्या मुंगेशपूर केंद्रात ५२.९ अंश नोंद झाली, त्याची बातमी. पुढे खात्याने तपासणी केली आणि तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता असं सांगून टाकलं. ते दुसरं कात्रण आप्पांनी ठेवलेलं नाही. त्यांच्या मते ५२.९ हा खात्याच्या हातून चुकून निसटलेला एकमेव खरा आकडा. म्हणजे आप्पांचा खात्यावर अजिबात विश्वास नाही असं कोणी समजू नये. खात्याने दिलेला चुकीचा आकडा ते डोळे मिटून मानतात. त्याच मे महिन्यात उष्म्यापायी जळगाव जिल्ह्यात कलम १४४ लागलं, तेव्हा आप्पा चहाच्या टपरीवर उभे राहून जाहीर म्हणाले, "ऊन चव्वेचाळीस आणि कलम एकशे चव्वेचाळीस. मधले शंभर कोठे ग्यात?"

आप्पा मूळचे चोपडा तालुक्यातले, तापीकाठचे केळीवाले. मुलं पुण्यात, शेती वाट्याने दिलेली, आणि स्वतः आप्पा जळगावात आमच्या वरच्या मजल्यावर. सकाळी साडेपाचला उठून ते मोबाइलवर व्हॉट्सॲप उघडतात. संदेशावर दोन बाण दिसले, म्हणजे तो अनेकदा पुढे गेलेला आहे असा इशारा दिसला, की चष्मा पुसून पुन्हा वाचतात. कंपनीने ती खूण सावध करायला दिली आहे. आप्पांना ती तलाठ्याच्या शिक्क्यासारखी वाटते. इतल्या लोकांनी पाठवलं, सगळे काय येडे शेत? सरकारी परिपत्रकाला जावक क्रमांक असतो, सही असते, खाली प्रती कोणाकोणाला पाठवल्या ते असतं. हे सगळं आप्पांना संशयास्पद वाटतं. खऱ्या माणसाला इतका पुरावा कशाला लागतो?

दोन हजारांची नोट आली तेव्हा तिच्यात चिप आहे असं त्यांना कळलं होतं. त्यांनी नोटा डब्यातल्या पोळीच्या चंदेरी कागदात गुंडाळून ठेवल्या, उपग्रहाला दिसू नयेत म्हणून. मग १९ मे २०२३ रोजी नोट परत घेण्याची घोषणा झाली. आप्पांनी तो कागद उलगडत, तुपाचा वास येणाऱ्या नोटा बँकेत नेताना विचारलं, "चिप नव्हती तर मग परत कसाले मागतस?" २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध प्याला, त्या दिवशी आप्पा वाटी घेऊन रांगेत होते. गणपती त्यांच्या हातून प्याला याचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. शास्त्रज्ञ लगेच पृष्ठताणाचं स्पष्टीकरण घेऊन पुढे आले, ते मात्र त्यांनी मनात धरून ठेवलं. इतक्या तातडीने शास्त्रज्ञ कधी कामाला लागतात का?

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी फुले मार्केटमधून तापमापक आणला. दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडला तारेने बांधला. पारा ५३वर. फोटो निघाला, सोबत मजकूर निघाला, "जळगाव ५३! प्रशासन गप्प का?" आणि संध्याकाळपर्यंत तो सुरतेहून फिरून मलाच परत आला.

खालच्या मजल्यावरची बारावी सायन्सची पोरगी वर आली. "आजोबा, हे पत्र्याचं तापमान आहे. हवेचं सावलीत मोजतात." तिने त्यांना मोबाइलवर ती पांढरी, झडपांची लाकडी पेटी दाखवली. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, आतून हवा खेळती आणि पाऱ्यावर थेट ऊन नाही. थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश दीपगृह-इंजिनिअरने ही पेटी काढली आणि जगभर तशीच वापरतात. पोरगी उत्साही होती. याच माणसाचा मुलगा म्हणजे 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा, हेही तिने सांगितलं. आप्पांनी त्यातला नेमका तेवढाच भाग उचलला. "म्हणजे कादंबरीवाल्याच्या बापानी पेटी!"

तिने मग तापमापक काढून कुंपणालगतच्या लिंबाखाली, फांदीला टांगला. अर्धा तास आम्ही तिघं जिन्यात उभे होतो. आप्पा मधूनमधून जाऊन बघत, बोटाने पारा ठोकत. अखेर तो चव्वेचाळीसच्या जरा वर थांबला. पेपरात दुसऱ्या दिवशी तेवढंच येणार होतं. पोरीने काही न बोलता आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी लिंबाकडे पाहिलं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत.

"हाऊ लिंब कोनी लावेल शे?"

"मला काय माहीत, आजोबा."

"सामाजिक वनीकरण," आप्पा म्हणाले आणि तापमापक सोडवायला लागले.

आकड्यावरचा हा राग मात्र आप्पांनी उगाच डोक्यातून काढलेला नाही. जळगाव जिल्ह्यात तापमानाला भाव आहे. केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा असतो आणि तापमानाची भरपाई द्यायची की नाही हे ठरवायला कोणी बागेत येऊन करपलेलं पान बघत नाही. त्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने काय नोंदवलं ते बघतात. हिवाळ्यात पारा ठरलेल्या अंशाच्या खाली सलग ठरलेले दिवस राहिला पाहिजे, उन्हाळ्यात ठरलेल्या अंशाच्या वर. मध्ये एक दिवस थोडा कमी भरला की सगळी मोजणी पहिल्यापासून. एका वर्षी आप्पांची बाग भाजून निघाली, घड झाडावरच पिवळे पडले, आणि भरपाई आली ती नाल्यापलीकडच्या बागेला. नाला ही दोन मंडळांची हद्द. "उन नाला पाहीसन पडस का?" असं आप्पांनी तीन टेबलांवर विचारलं. पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्यावरचा माणूस जेवायला गेला होता. प्रश्न चांगला होता. एखाद्याने पाच मिनिटं बसून मंडळ म्हणजे काय, केंद्र कुठे आहे, साखळी कुठे तुटली हे सांगितलं असतं, तर आज मला हे लिहायला विषय उरला नसता.

शिवाय जळगावकराला "वर काही शिजत नाही" असं सांगायची सोय नाही. नगरपालिकेच्या घरकुल योजनेतल्या घोटाळ्याची फिर्याद २००६ची. मध्ये कितीतरी वर्षं जबाबदार माणसं सगळं नियमात आहे असं सांगत होती, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवलं. त्या संध्याकाळी आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. मी म्हटलं, आप्पा, हे तर फिर्याद, कागद, साक्षी, कोर्ट असं सरकारी वाटेनेच बाहेर आलं. आप्पांनी पेढा माझ्या हातावर ठेवला आणि दयेने म्हणाले, "खाय."

महिन्यातून एकदा आप्पा धुळ्याला लेकीकडे जातात. एरंडोल, पारोळा, फागणे. एसटीच्या प्रत्येक थांब्याला बातमीत एक प्रवासी चढतो, उतरत कोणीच नाही. धुळ्यात त्यांचे व्याही आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांचा जन्म गेला. आप्पांच्या मते हे व्याही म्हणजे शत्रूच्या गोटात दिलेली लेक. व्याही शांत माणूस. शेवभाजीत भाकरी कुस्करता कुस्करता ते एकदा म्हणाले, "आप्पा, तुम्ही म्हणता आम्ही लपवत होतो. अहो, आम्ही नीट जपून ठेवलेलं आम्हाला सापडत नव्हतं. लपवायला ठेवल्याची जागा लक्षात राहायला लागते."

आप्पांना हे कबूल नाही. सरकारला काही जमत नाही हे ते रोज सांगतात. सरकार चंद्रापासून चिपपर्यंत सगळं बिनबोभाट जमवतं हेही रोज सांगतात.

व्याह्यांनी त्यांना एकदा राजवाडे संशोधन मंडळात नेलं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यातच वारले, ३१ डिसेंबर १९२६ला, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ उभं राहिलं. ग्रँट डफने लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासावर राजवाड्यांचा भरवसा नव्हता, बखरींवरही नव्हता. म्हणून वाडे, माळे, कोनाडे धुंडाळून मूळ पत्रं जमवत फिरले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८चा, आणि असे एकूण बावीस. व्याही हे सगळं कपाटांसमोर उभे राहून सांगत होते. आप्पा अगदी मन लावून ऐकत होते.

"म्हणजे हाऊ आपलाच माणूस," आप्पा म्हणाले.

"हो," व्याही म्हणाले. "फक्त ते पायी फिरले."

एका गोष्टीवर या दोघांत बोलणं होत नाही. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातच, साक्री तालुक्यात राईनपाड्याला. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असा संदेश त्या दिवसांत गावोगाव पोहोचला होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. अशी टोळी नव्हती, पोलीस तेच सांगत होते. ते सरकारी सांगणं होतं, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक नव्हतं. तो संदेश आप्पांकडेही आला होता आणि त्यांनी तो एकोणीस गटांवर टाकला होता. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आप्पा आजही त्या मर्यादेबद्दल बोलतात, खऱ्याची गळचेपी म्हणून. राईनपाड्याचं नाव निघालं की ते पाणी प्यायला उठतात. व्याही ते जाऊ देतात. मला ते जाऊ देणं पटत नाही, पण माझी लेक त्या घरात दिलेली नाही.

व्याह्यांनीच शेवटी आप्पांना माहितीच्या अधिकारात अर्ज करायला लावला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, मागणी अशी: अमुक मंडळातल्या केंद्राच्या त्या उन्हाळ्यातल्या रोजच्या नोंदी. अर्जाला उत्तर येणार नाही यावर आप्पांनी पैज लावली होती. तीस दिवसांच्या आत आलं. दोन रुपये पान या दराने पैसे भरले, जाडजूड पाकीट आलं. आप्पा दोन दिवस अस्वस्थ होते. "इतलं सगळं दिधं," ते जिन्यात मला म्हणाले, "म्हणजे खरं दुसरीकडे ठेवेल शे."

पाकीट घेऊन ते धुळ्याला गेले. व्याह्यांनी चष्मा चढवला, पट्टी घेतली, एकेक ओळ लावत गेले. आणि एका पानावर त्यांची पट्टी थांबली. सलग तापलेल्या दिवसांच्या मधोमध एका तारखेचा रकाना कोरा होता. त्या दिवशी केंद्राकडून नोंदच आली नव्हती. आणि साखळी नेमकी तिथेच तुटलेली.

व्याही उठून उभे राहिले. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत ते कागद बघून असे कधी उठले नसावेत. "आप्पा, तुमचं खरं आहे. इथे त्यांनी उत्तर द्यायला हवं. नोंद नाही म्हणजे ऊन नव्हतं असं कसं धरलं? याचं अपील होतं, तीस दिवस आहेत. विम्याची तक्रार वेगळी करू. शेजारच्या केंद्राच्या नोंदी मागवू." तासाभरात त्यांनी स्वच्छ अक्षरात अर्ज लिहून समोर ठेवला. खाली सहीपुरती जागा सोडली.

आप्पांनी तो वाचला. मग त्या कोऱ्या रकान्याचा फोटो काढला, जवळून एक, लांबून एक.

"सही करा ना, आप्पा."

"कसाले?" आप्पा म्हणाले. "आते समजी गयं ना. सही करी म्हणजे आपलं नाव त्यास्ना यादीमा."

लेकीने, विहिणीने, नातवानेसुद्धा सांगून पाहिलं. व्याह्यांनी अर्जाची घडी घालून ती पंचांगात ठेवली, मुदतीच्या तारखेच्या पानावर. आप्पा दुपारच्या एसटीने जळगावला निघाले. पारोळ्याला गाडी पोहोचेपर्यंत कोरा रकाना चार दिवसांचा झाला होता.