मुरलेला ओव्हरक्लॉकर

ओव्हरक्लॉकर तुमच्या घरी आला की आधी तुमची विचारपूस करत नाही, कॉम्प्युटरची करतो. कॅबिनेटला कान लावतो, मागून येणाऱ्या हवेपुढे तळहात धरतो आणि हलक्या आवाजात विचारतो, "पेस्ट शेवटची कधी बदललीत?" तुम्ही "कसली पेस्ट?" म्हणालात की तो तुमच्याकडचा चहासुद्धा नाकारतो.

कंपनीनं चिपला ठरवून दिलेला वेग हा त्याच्या मते कंपनीचा भित्रेपणा; चिप त्याहून जोरात पळवणं हाच त्याचा छंद. या श्रद्धेला आधार नाही असं नाही. 1998 साली इंटेलचा सेलेरॉन 300ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आला होता. प्रोसेसरला बाकी कॉम्प्युटरशी जोडणाऱ्या बसचा वेग 66 वरून 100 मेगाहर्ट्झ केला की 300 मेगाहर्ट्झचा तो गडी बिनबोभाट 450 वर पळायचा. आमच्या महाशयांचा तेव्हा जन्मही झाला नसेल, पण ही कथा ते डोळ्यांत पाणी आणून सांगतात आणि तसंच घबाड मिळेल या आशेनं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर दुकानांच्या पायऱ्या झिजवतात.

वेग वाढवायचा तर बहुधा व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि व्होल्टेज वाढलं की चिप तापते. म्हणून ती उष्णता ओढून घेणारा हीटसिंक चिपवर बसवायचा. पण दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णता वाहून न्यायला अगदी नालायक. तिला हुसकून ती जागा भरायची, हे थर्मल पेस्टचं काम. ती तांदळाएवढी घालायची की वाटाण्याएवढी, यावरून ओव्हरक्लॉकरांत वर्षानुवर्षांची वैरं आहेत.

बहुतेक नव्या पेस्ट लावल्या की लगेच कामाला लागतात. त्या त्याला आवडत नाहीत. तपश्चर्येशिवाय मिळालेलं फळ त्याला संशयास्पद वाटतं. त्याची लाडकी पेस्ट आर्क्टिक सिल्व्हर 5. ही पूर्ण बसायला 200 तासांपर्यंत वेळ लागू शकतो, असं खुद्द बनवणारेच सांगतात. म्हणजे आठ दिवस आणि वर आठ तास! आजीनं कैरीच्या लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा आणि घरात कोणाला हात लावू देऊ नये, तसा तो कॅबिनेटपाशी पहारा देतो.

"अरे, विजेचं बिल भरायचंय, लाव ना जरा तो कॉम्प्युटर," आई म्हणते.

"आई, अजून एकशेचाळीस तास."

बिल बाबा फोनवरून भरतात. रक्कम बघून ते एकदा मुलाकडे, एकदा कॅबिनेटकडे बघतात.

मधल्या काळात कॉम्प्युटर रिकामा नसतो, हेही सांगायला हवं. पेस्ट मुरायला तो तापावा आणि मधूनमधून थंडही व्हावा लागतो. त्यासाठी प्राइम95 चालवतात. हा प्रोग्रॅम मुळात प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला. गणिताची आमच्या गड्याला फिकीर नाही. चिपला घाम फुटला, की झालं.

199 व्या तासाला स्क्रीन निळा पडतो. कूलरचा एक स्क्रू सैल निघतो. मग सगळं उघडा, अल्कोहोलनं पुसा, नवी पेस्ट लावा आणि मोजणी पुन्हा शून्यापासून! तुम्हाला वाटेल तो खचेल. छे, त्या संध्याकाळी तो शीळ घालत असतो.

या पेस्टचं तप पूर्ण झालं तर तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरतं. मे महिन्यात खोलीची खिडकी उघडूनही एवढा फरक पडतो, पण हे त्याच्यासमोर बोलायचं नाही. तो ते दोन अंश एक्सेलमध्ये नोंदवतो. बिल्डिंगमधल्या सर्वांत वेगवान कॉम्प्युटरवर होणारं हे एकमेव काम.

तरीही असा एखादा ओळखीत असेल तर त्याला जपा. तुमचा जुना कॉम्प्युटर धापा टाकत असला तर तो त्यातली धूळ काढून, वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवी लावून देईल, आणि पैसे घेणार नाही. फक्त कॉम्प्युटर परत कधी मिळणार, ते विचारू नका.