वशिंड नसलेला बैल

गाइडच्या छत्रीमागे मेंढरांसारखं फिरायचं नाही, हे मी रोमला निघण्याआधीच जाहीर केलं होतं. आपण चार पुस्तकं वाचलेली माणसं! लेकीने फोनवर ऑडिओ टूर भरून दिली आणि रोमन फोरममध्ये एक बाई माझ्या कानात बोलू लागली. सॅटर्नच्या देवळाचे आठ खांब आले. ''म्हणजे शनीच ना?'' म्हणत बायकोने हात जोडले. मी मात्र त्या खांबांचं बिल मीच पास केल्यासारखी मान डोलावत होतो.

सेप्टिमियस सेव्हरसच्या कमानीजवळ एक कोरीव चौथरा आहे, इ. स. 303 चा. त्यावर बळीसाठी निघालेले डुक्कर, मेंढा आणि बैल. बैलाच्या पाठीवर सजावटीचा रुंद पट्टा, पण वशिंड नाही! मी तिथेच खिळलो. बाई कानात सम्राटांची यादी वाचत पुढे गेली.

मैसूरकडच्या हुणसूरच्या माणसाला बैल ओलांडून जाता येत नाही. वाडियारांच्या खिल्लाराला टिपूने अमृतमहाल नाव दिलं. याच बैलांच्या जोरावर हैदरने चिदंबरमला 100 मैलांची मजल अडीच दिवसांत मारली, असं सांगतात. तोफा ओढाव्यात त्यांनीच. मराठी फौजांना दमवण्यातही त्यांचा हात, म्हणजे खूर, होताच. पण घरच्या बैलावर डूख धरायचा नसतो. पुढे कंपनी सरकारने 1813 मध्ये हे खिल्लार कॅप्टन हार्वेच्या ताब्यात दिलं आणि हुणसूर त्याचं ठाणं झालं. हे सगळं मी बायकोला सांगितलं. ''अहो, हे घरीही सांगता,'' ती म्हणाली.

पण मी चूप बसणार कसा? या फोरममध्येच शेकडो वर्षं गुरं चरत होती. लोक त्याला गाईंचं कुरणच म्हणत. अँटोनायनस-फॉस्टिनाच्या देवळात नंतर चर्च झालं. त्याचं दार पायऱ्यांच्या वर, अधांतरी लटकलेलं दिसतं, कारण तेव्हा जमीनच तिथवर चढली होती. गुरं त्या दाराच्या पातळीवरून हिंडली असणार. माझ्या टूरमध्ये त्यांना अर्धं मिनिटही नव्हतं. एका फुटक्या दगडाला मात्र सात मिनिटं!

इथे मात्र मला खरंच राग आला, आणि तो रोमवर नव्हता. मैसूरहून मडिकेरीला किंवा नागरहोळेला निघालेल्या गाड्या आमच्या गावात फक्त चहाला थांबतात. ज्या गावाच्या जनावरांनी राज्यं ओढली, त्याच्या वाट्याला पाच मिनिटं आणि एक कप.

म्हणून हल्ली टपरीवर कुणी ''इथे बघण्यासारखं काय आहे?'' विचारलं, की मी आवाज जड करून सुरू करतो. परवा एका पुण्याच्या कुटुंबाला धरलं. मी हैदरपर्यंत पोहोचलो आणि त्यांचा चहा संपला. जाता जाता मुलाने नम्रपणे विचारलं, ''आजोबा, तुम्हाला पॉज कुठून करायचं?''