उत्तम स्थितीतली गादी

पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरातून जुनी गादी कधीच टाकली जात नाही, ती 'दिली' जाते. टाकले तर महापालिकेचा दंड, दिले तर पुण्य.

हे दान सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर होते. 'उत्तम स्थितीतली डबल बेडची गादी. गरजूंनी संपर्क साधावा.' मधला खड्डा दिसणार नाही अशा बेताने फोटो काढलेला. सोसायटीत एकही गरजू निघत नाही, कारण प्रत्येकाकडे द्यायला स्वतःची एक उत्तम स्थितीतली गादी असते. मग गरजू शोधायला खाली उतरावे लागते. आधी धुण्याभांड्याच्या मावशी. त्यांची खोली दहा बाय दहा, गादी सहा बाय सहा. 'घरी विचारून सांगते' म्हणतात आणि दोन दिवस कामालाच येत नाहीत. मग वॉचमन. त्याला नोकरी टिकवायची असते, म्हणून तो हो म्हणतो. नाही म्हणायची सोय नसलेला माणूस सापडेपर्यंत वस्तू खाली ढकलत राहायचे, यालाच आपण पुनर्वापर म्हणतो. वॉचमन बदलतो, गादी पार्किंगमध्ये राहते.

पूर्वी गादीत कापूस असे. त्याचे गोळे झाले की पिंजारी दारात येई, कापूस पिंजून, नव्या खोळीत भरून दाभणाने टाके घाली, आणि गादी पुन्हा पाहुण्यांना तोंड दाखवण्याजोगी होई. काही गादी कारखान्यांत अजूनही जुना कापूस यंत्रावर पिंजून मिळतो. पण आपण आता कण्याचे लाड करतो. फोम, रबर लावलेला काथ्या, स्प्रिंगा, कापड, सगळे एकमेकांना चिकटवलेले. ते सोडवायची मजुरी आतल्या मालाला परवडत नाही. म्हणून भंगारवाला एकच विचारतो, 'स्प्रिंगची आहे का?' लोखंड असेल तर थांबतो, नुसता फोम असेल तर हातगाडीचा वेग वाढवतो. फोमचा चुरा दाबून, चिकटवून पुन्हा गादी होते, नाही असे नाही. पण त्यासाठी कारखान्यातले कोरे कातरण बरे पडते, पंधरा वर्षांच्या घामासकट आलेले नव्हे.

सरकारने 2016 च्या नियमांत घरच्या कचऱ्याची तीन खाती केली होती: ओला, सुका आणि घरगुती घातक. गादी मेपर्यंत सुकी असते, जूनमध्ये ओली होते आणि ढेकूण झाले की घातक. तिन्ही खाती एकटीने सांभाळणारी दुसरी वस्तू घरात नसेल. टायर, बॅटऱ्या, प्लॅस्टिकची वेष्टने, जुने टीव्ही यांची पुढची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवर टाकली आहे. गादीवाल्या कंपन्यांना मात्र दहा वर्षांची वॉरंटी दिली की शांत झोप लागते.

शेजारच्या सोसायटीने रात्री अकरानंतरचा मार्ग पत्करला: ओढा. मे महिन्यात नालेसफाईचे यंत्र तिथून गाद्या, सोफे, थर्माकोल वर काढते, आणि आम्ही पुलावर उभे राहून विचारतो, 'कोण लोक टाकतात हो हे?'

शेवटी विषय सोसायटीच्या सभेत आला. मुलाकडे कॅलिफोर्नियात सहा महिने राहून आलेल्या काकांनी माहिती दिली. तिथे 2015 च्या अखेरपासून नवी गादी घेतानाच बिलात काही डॉलर जादा लावतात, त्या पैशांतून जुन्या गाद्या उचलून, फाडून लोखंड, फोम, लाकूड वेगळे काढतात. 'याला म्हणतात सिस्टिम!' सगळ्यांनी माना डोलावल्या. सेक्रेटरी म्हणाले, 'मग आपणही घरटी पन्नास रुपये काढू, टेम्पो करू.' काका म्हणाले, 'अहो, पण आम्ही महापालिकेला टॅक्स भरतो ना?'

तेवढ्यात कोणाला तरी कचरा नेणाऱ्या ताईंची आठवण झाली. त्यांना वर बोलावले. रोज शंभरावर घरांचा ओला-सुका कचरा त्या ढकलगाडीवरून नेतात, त्यातला कागद, बाटल्या, पत्रा विकून घर चालवतात. गादी विकून चहाही सुटत नाही, वर गाडीतली अख्खी जागा जाते. 'ताई, एवढी एक गादी घेऊन जा की. तुम्हालाच होईल.'

ताई म्हणाल्या, 'मला नको. टेम्पो करा. मी माणसं आणते, उचलायची मजुरी द्या.'

गादीच्या एवढ्या प्रवासात पहिल्यांदाच कोणीतरी तोंडावर नाही म्हटले होते. सभा अवाक झाली. 'हल्ली या लोकांची भाषा बघितलीत?' काकांनी विचारले. ताईंच्या उर्मटपणाबद्दल निषेधाचा ठराव एकमताने मंजूर झाला. टेम्पोचा विषय त्यानंतर लगेच आला, आणि कोरमअभावी पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.