फांदी कुणी कापली, ते फोटोत दिसतं

महोदय,

तुमचा फोटो माझ्यापर्यंत पोचला. बऱ्याच जणांनी पाठवला आणि प्रत्येकाने सोबत कौतुकाचा एखादा शब्द जोडला होता. स्वर्गीय नर्तकाची मादी घरट्याच्या काठावर पंख पसरून उभी आहे, चोच उघडी आहे, तिच्या पोटाखालून पिल्लांच्या माना वर आल्या आहेत आणि मागे मऊ हिरवी पार्श्वभूमी. शीर्षक तुम्ही दिलंय, ‘आईची माया’. त्याखाली ओढ्याचं नाव, रस्त्याची खूण आणि ‘नवा कॅमेरा, पहिलाच मोसम’ अशी नोंद.

फोटो चोख आहे. मादीच्या डोळ्यावर फोकस अचूक बसलाय, पिसन् पीस सुटं दिसतंय. हे मी मनापासून मान्य करते, कारण फोटो एवढा स्पष्ट नसता तर तुमच्याविरुद्धचा पुरावाही एवढा स्पष्ट मिळाला नसता.

पिल्लांच्या अंगावर पडलेलं ऊन बघा. हा पक्षी घरटं पानांच्या दाट सावलीत बांधतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सिंहगडाच्या पायथ्याला डोक्यावर आलेलं ऊन पिसं न फुटलेल्या पिल्लांच्या उघड्या पाठीवर थेट पडतं, ते वरची पानं कुणी तरी काढून टाकल्याशिवाय नाही. आता उजवा वरचा कोपरा. तिथे फांदीचं पांढरट टोक आहे, तिरकं, गुळगुळीत कापलेलं. वाऱ्याने मोडलेल्या फांदीची साल सोलवटते, धागे लोंबतात. हा काप कात्रीचा आहे, बागेत छाटणीला वापरतात तिचा. म्हणजे घरून निघताना तुम्ही बॅगेत लेन्स, जादा बॅटरी, पाण्याची बाटली आणि कात्री भरली होती. सहज म्हणून कुणी ओढ्याकाठी कात्री घेऊन जात नाही.

आणि ती माया. पक्ष्यांना घाम येत नाही. अंग तापलं की ते चोच उघडून धापा टाकतात. तुमच्या फोटोतली मादी धापा टाकते आहे. तिने पंख पसरलेत ते पिल्लांवर सावली धरायला. तुम्ही कापून टाकलेल्या पानांचं काम ती स्वतःच्या अंगाने करते आहे. तुमच्यापासून काही पावलांवर एक जीव उन्हाने कासावीस होत होता, तुम्ही त्याच्याकडे भिंगातून टक लावून बघत होतात आणि तुम्हाला त्यात शीर्षक सुचलं.

हे घरटं मला माहीत होतं. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर खडकाला टेकून बसलं की करंजाची ती फांदी दुर्बिणीतून नीट दिसायची. नर आणि मादी दोघांनी मिळून बांधलेलं. बारीक काड्या, गवताचे धागे, मुळं आणि या सगळ्याला बाहेरून कोळ्याच्या जाळ्याचं लिंपण. चोचीत जाळ्याचा तंतू धरून मादी वाटीच्या कडेला यायची, तो चिकटवायची, मग आत बसून छातीने गोल फिरत वाटीला आकार द्यायची. एवढ्या खटाटोपातून जे तयार होतं ते चहाच्या कपात मावेल एवढं असतं. अंडी उबवायला दोन आठवडे लागतात आणि दोघंही आळीपाळीने बसतात. लांब पांढऱ्या शेपटीचा नर घरट्यात बसला की शेपटीच्या दोन फिती काठावरून खाली लोंबतात. तशी शेपटी यायला त्याला दोन-तीन वर्षं काढावी लागतात, म्हणजे तेवढी वर्षं जिवंत राहावं लागतं.

त्या जोडीने झाडही विचार करून निवडलं असावं असं मला वाटत आलंय. शेजारच्याच झाडावर कोतवालाचं घरटं होतं. स्वर्गीय नर्तक कधी कधी मुद्दाम कोतवालाच्या आसपास घरटं करतात, कारण कोतवाल आपल्या हद्दीत कावळा, शिक्रा, टकाचोर कुणालाच टिकू देत नाही. तर पानांचा आडोसा आणि शेजारी कोतवाल, एवढ्या दोन गोष्टींवर त्या पिल्लांची भिस्त होती. आडोसा तुम्ही कापलात. कोतवालाला तुम्ही झाडाखाली तासन्‌तास उभे राहून हुसकत राहिलात. तोही शेवटी पिल्लंवालाच होता.

मी पुढच्या खेपेला गेले तेव्हा करंजाखाली कापलेल्या डहाळ्या पडल्या होत्या. पानं अजून पुरती वाळली नव्हती. ओलसर मातीत ट्रायपॉडच्या तीन पायांच्या खुणा होत्या, आणि त्या बुंध्याच्या इतक्या जवळ होत्या की मी आधी विश्वासच ठेवला नाही. घरटं रिकामं होतं. काठ एका बाजूने खाली ओढलेला, जाळ्याचं लिंपण उसवलेलं. पिल्लं उडून गेली असतील असं स्वतःला समजावायची सोय नव्हती. अंड्यातून बाहेर आल्यावर उडण्याजोगं व्हायला त्यांना नऊ-दहा दिवस तरी लागतात आणि तुमच्या फोटोतली पिल्लं अजून उघडी, गुलाबी आहेत. त्यांना कुणी नेलं ते मी पाहिलं नाही, म्हणून कुणाचं नाव घेत नाही. पण टकाचोर अशा उघड्या पडलेल्या घरट्यांवरच डोळा ठेवून असतो, आणि घरटं उघडं कुणी पाडलं हे मला माहीत आहे.

आता तुमच्या नव्या कॅमेऱ्याबद्दल. फोटोसोबत तुम्ही कॅमेऱ्याची आणि लेन्सची माहिती हौसेने दिली आहे, त्यामुळे हिशोब करता येतो. सहाशे मिलिमीटरची झूम आणि एपीएस-सी सेन्सर. या जोडणीतून वीस मीटरवर बघितलं तर साधारण ८० सेंटिमीटर रुंद आणि पन्नासेक सेंटिमीटर उंच एवढाच तुकडा फोटोत मावतो. नर शेपटीसकट जवळजवळ अर्धा मीटर भरतो. म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, मी बसायचे त्या खडकावर बसून तुम्हाला हवा तेवढा पक्षी फोटोत भरला असता. तुमच्या कॅमेऱ्यात आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर आहे, सेकंदाला डझनावारी फोटो काढायची सोय आहे. लांबून, गुपचूप, कुणाला कळू न देता बघता यावं म्हणून माणसांनी एवढी विद्या खर्चून हे यंत्र बनवलं. ते गळ्यात अडकवून तुम्ही मोबाइलने फोटो काढायला जावं तितक्या जवळ गेलात. मग एवढा पैसा घातलात कशासाठी?

नवीन कॅमेरा हातात आल्यावरचे रविवार कसे असतात ते मला ठाऊक आहे. पुण्यात तर त्याचा एक ठरलेला फेराच आहे. आधी वेताळ टेकडी, मग पाषाण तलाव, थंडीत पहाटे कवडी पाट. तिथे मुळा-मुठेच्या फेसाळ पाण्यावर प्लास्टिक तरंगत असतं, नाकाला रुमाल लावावा लागतो आणि त्याच घाणीत धुक्यातून चक्रवाकांची जोडी उतरते. त्या वेळी काढलेला पहिला बरा फोटो माणूस विसरत नाही. पुढे उजनीच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव, रोहित पक्षी. मग सासवडकडचे माळ. गावाबाहेर तासा-दोन तासांवर एवढं सगळं जगतं आहे हे कळणं फार मोठी गोष्ट आहे, आणि ती अनेकांना कॅमेऱ्यामुळेच कळली. म्हणूनच मला तुमचा राग जास्त येतो. तुम्हाला कळायला सुरुवात झाली होती.

भिगवणलाही तुम्ही तेच केलंत, हे तुमच्या दुसऱ्या फोटोवरून दिसतं. रोहितांचा सगळा थवा पाण्यावरून धावत उठतो आहे, मान पुढे, पाय मागे, आणि खालच्या कडेला बोटीचं नाक आहे. बोट थव्यात घातल्याशिवाय असा फोटो मिळत नाही. नावाड्याला ‘अजून पुढे, अजून पुढे’ कोण म्हणतं तेही सगळ्यांना माहीत आहे. त्याचं पोट त्या फेरीवर असतं, गिऱ्हाइकाला नाही म्हणायची ताकद त्याच्यात थोडी असते. नवरंगाच्या फोटोखाली तर तुम्हीच लिहिलंय की मोबाइलवर शीळ वाजवली आणि दोन मिनिटांत समोर आला. येणारच. पावसाच्या तोंडावर वीण करायला आलेला नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराची शीळ ऐकून गप्प बसत नाही. खाणं, जोडीदारीण सोडून तो त्या नसलेल्या नराला शोधत फिरत राहतो, आणि तुमच्यानंतर आलेला पुढचा फोटोवाला पुन्हा शीळ वाजवतो.

यावर तुमचं उत्तर काय असेल ते मी आधीही ऐकलंय. सगळेच करतात. निसर्गात पिल्लं तशीही मरतात. आमच्या फोटोंमुळे लोकांना पक्ष्यांची गोडी लागते. यातल्या शेवटच्या वाक्याला मी उत्तर देते. तुमचा फोटो बघून लोकांना गोडी लागली ती घरट्याजवळ जायची. ठिकाण तुम्ही जाहीर केलंत, तेव्हा त्या ओढ्यावर गाड्या लागायला लागल्या. पक्ष्याचं नाव विचारणारा मला तिथे कुणी भेटला नाही. सगळे एकच विचारत होते, घरटं कुठल्या झाडावर आहे?

कायद्याचंही सांगते, कारण गोडीगुलाबीने सांगितलेलं तुमच्यापर्यंत पोचत नाही. कायदा म्हणजे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२. त्यात शिकार या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात मारणं, पकडणं येतं तसंच वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणंही येतं. तिथे बंदूक असायची अट नाही. तुम्ही स्वतःची ओळख ‘वन्यजीव छायाचित्रकार’ अशी करून देता. कायद्याने त्या दुपारसाठी तुमच्याकरता दुसरा शब्द राखून ठेवलेला आहे. घरट्यांचे फोटो न घेण्याचा नियम अनेक स्पर्धांनी केला तोही याचसाठी. तुमच्यासारख्या हौशींनी बक्षिसासाठी झाडं सोलून काढली म्हणून.

घरट्याजवळ बसून काय मिळवता येतं ते बघायचं असेल तर अलिबागजवळच्या किहीमची गोष्ट वाचा. १९३० च्या पावसाळ्यात पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली तिथे सुगरणीच्या वसाहतीवर लक्ष ठेवून होते. तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. रोज बसून, नोंदी करून त्यांना कळलं की एक नर घरटं अर्धवट बांधतो, मादी येऊन ते पसंत करते, मग तो ते पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं सुरू करतो. तोवर हे कुणी नीट मांडलेलं नव्हतं. हे कळायला घरटं अखंड राहणं आणि पक्ष्यांनी नेहमीसारखं वागणं या दोन्ही गोष्टी लागतात. तुमच्या फोटोतून मला स्वर्गीय नर्तकाबद्दल एकही नवी गोष्ट कळली नाही. पिल्लांना नर जास्त भरवतो की मादी? चोचीत माशा आणतात की पतंग? सकाळी किती फेऱ्या होतात, भर दुपारी किती? तुम्ही एवढा वेळ तिथे होतात, सांगा. तुम्हाला सांगता येणार नाही, कारण तुम्ही उभे होतात तोवर ते दोघं बहुतेक वेळ घरट्यावर येतच नव्हते. शेजारच्या फांद्यांवरून इशाऱ्याचा कर्कश आवाज करत होते. तो आवाज तुम्ही ऐकलात, आणि नवरंगाच्या वेळी शीळ ओळखणाऱ्या तुम्हाला त्याचा अर्थ कळला नसेल असं मी मानत नाही.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. फोटोखालचं ठिकाण आजच्या आज काढा. ज्यांना खासगीत पत्ता पाठवलात त्यांनाही तिथे जाऊ नका म्हणून कळवा. ‘आईची माया’ हे शीर्षक काढून त्या जागी फांद्या कापून हा फोटो काढला, असं लिहा, म्हणजे तो बघून शिकणारे खरं काय ते शिकतील. पुढच्या पावसाळ्याआधी वनखात्याच्या चौकीवर जा आणि कुठल्या झाडांवर गर्दी होते ते स्वतः सांगा. त्या भागाचा वनरक्षक एकटा आणि त्याची हद्द मोठी, त्याला ही माहिती उपयोगी पडेल. भिगवणला गेलात तर बोट थांबवायला सांगा आणि त्या नावाड्याला फेरीचे पैसे पूर्ण द्या.

स्वर्गीय नर्तकांची वीण पावसाळ्यात जुलैपर्यंत चालते. पहिलं घरटं गेलं तर जोडी कधी कधी दुसरं बांधते. त्याच ओढ्यावर, थोडं वरच्या अंगाला, मला नर पुन्हा दिसला आहे. जागा मी तुम्हाला सांगणार नाही.

आपली,
ओढ्यापलीकडून बघणारी एक पक्षीनिरीक्षक