मागच्या सीटवरील डागास अनावृत पत्र

श्री. डाग,
मु. पो. मागची सीट, डावी खिडकी

स. न. वि. वि.

आपल्या मुक्कामाला काल तीन आठवडे झाले. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई. पुढचं आपल्याला ठाऊक असेलच.

आपलं आगमन अजून डोळ्यांसमोर आहे. कोल्हापूरहून पुण्याला येत होतो. रबर लावून आवळलेल्या दोन पिशव्या होत्या. तांबडा रस्सा सीटवर आत्याच्या शेजारी, पांढरा तिच्या पायांशी. खंबाटकीचा बोगदा संपला, ते एसच्या आकाराचं वळण आलं. गाडी वळली, आत्या वळली, तांबडा मात्र सरळ गेला. ‘पांढरा वाचला रे!’ आत्या म्हणाली, आणि त्या आनंदात आम्ही पुढची चौकशी केली नाही.

शेजारच्या काकांची गाडी सहा वर्षांची झाली, तरी सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक त्यांनी काढलेलं नाही. उन्हाळ्यात माणसाची पाठ त्याला चिकटते आणि उठताना पापड मोडल्यासारखा आवाज होतो. सोसायटीच्या गणपतीत मी यावर एक विनोदी भाषणही ठोकलं होतं. आमची सीट उघडी, कापडी, फिकट बदामी. काका हल्ली बोलत नाहीत, नुसते हसतात.

आता माझे अपराध. खेड-शिवापूरच्या अलीकडे गाडी कडेला घेऊन मी आपल्याला ओल्या फडक्यानं खसाखसा घासलं. कोरड्या कापडानं दाबून, कडेकडून मध्याकडे टिपून घ्यायचं असतं, हे मला घरी आल्यावर सांगण्यात आलं. तोवर आपण रुपयाएवढे होतात ते ताटलीएवढे झाला होतात.

घरी भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब पाण्यात घालून टिपलं. तवंग गेला, तेलाबरोबर तिखटाचा लाल रंगही बराचसा गेला. राहिली हळद. इथे थांबलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण मेव्हण्यांनी खायचा सोडा सुचवला, मी वर कपड्यांची पावडर घातली, आणि पिवळे आपण बघता बघता लालभडक झालात! वॉचमननं हळूच विचारलं, ‘साहेब, कुणाला लागलं का?’ आई मात्र शांत होती. ‘हळदीला चुना लागला की कुंकू होतं, एवढंही ठाऊक नाही?’ सोडा काय, कपड्यांची पावडर काय, चुन्याचीच भावंडं. शाळेत हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून मी हाच प्रयोग केला होता आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. मग पाणी घातलेलं व्हिनेगर लावलं. आपण निमूट पिवळे झालात. लोकशाहीतही इतक्या लवकर रंग बदलत नाहीत.

पुढे वॉशिंग सेंटर. अठराशे रुपये. संध्याकाळी सीट कोरी करकरीत, पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी सकाळी आपण पुन्हा जागेवर! त्या मुलांनी पाण्याचा मारा केला तेव्हा आपण गेला नव्हतात, खालच्या फोममध्ये उतरला होतात. कापड वरून वाळत गेलं तसं दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं आतलं पाणी वर चढलं, आणि त्याच्या खांद्यावर बसून आपण. मग मीही तीच युक्ती केली. जागा जेमतेम ओली केली, वर कोरडा पंचा, पंच्यावर पाट, पाटावर पाच किलो गहू. सकाळी पंचा हळदीला बसलेल्या नवरदेवासारखा दिसत होता.

उरलेल्या आपल्यावर आईचा उपाय एकच, ऊन. हळद लागलेली साडी ती दोन दिवस उन्हात वाळवते, पिवळं उडून जातं. हळदीतलं कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही, हे मी नंतर वाचलं. अडचण एवढीच, की गाडीला ऊन लागू नये म्हणून मी बेसमेंटमधली जागा साडेतीन लाखांना घेतलेली आहे. शेवटी काकांकडे गेलो. त्यांची जागा उघड्यावर आहे. त्यांनी ती दुपारी अकरा ते तीन दिली, पण आधी गणपतीतलं भाषण पुन्हा म्हणून दाखवायला लावलं.

आज चौथा दिवस. आपण कढीच्या रंगावर आला आहात. डावं दार उघडंच असतं. सवडीनं निघावं.

आपला,
गाडीमालक (हप्ते बाकी)

ता. क. – गाडी उन्हात लावायला लागल्यापासून सोसायटीचं मांजर त्या उघड्या दाराशी येऊन बसतं. आपल्याकडे ते बघतही नाही. त्याची नजर खाली, पायांशी असते. काल कार्पेट उचलून खालच्या नमद्याला नाक लावलं. आत्याला फोन केला आहे. श्री. पांढरे यांना वेगळं पत्र लिहीत आहे.