कार्टून आहे, बघू दे!

आपली अभिरुची कोणी घडवली, असा विषय निघाला की लोक साने गुरुजी, पु. ल. आणि शाळेतले मराठीचे सर अशी नावं घेतात. मीही घेतो. पण त्या यादीतून आमच्या बिल्डिंगखालच्या व्हिडिओ लायब्ररीवाल्या काकांना वगळलं तर तो कृतघ्नपणा होईल. इतरांनी आमच्यावर कष्टाने संस्कार केले. काकांनी ते निव्वळ दुर्लक्षातून केले.

१९८२च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर आला आणि जिन्याखाली, जिथे एरवी पंक्चर सायकली ठेवायच्या, तिथे व्हिडिओ लायब्रऱ्या उघडल्या. काकांच्या फळ्यांवर हिंदी नवीन, हिंदी जुने, मारामारी, धार्मिक आणि कार्टून अशी विभागणी होती. याशिवाय काउंटरखाली एक कप्पा होता. तिथला माल मागण्यापूर्वी सभ्य गृहस्थ दोनदा खाकरत. शुचितेचा सगळा बंदोबस्त त्या एका कप्प्यावर खर्च झाल्यामुळे कार्टूनच्या फळीवर पहारेकरी उरला नव्हता. चित्र हाताने काढलेलं असेल तर सिनेमा पोरांचा, इतका काकांचा सिद्धांत सुटसुटीत होता.

त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत वरती ससे बघून आईने आम्हाला ‘वॉटरशिप डाउन’ आणून दिला. आईच्या लेखी ससा म्हणजे फार तर कासवाशी शर्यत हरणारा प्राणी. मार्टिन रोझेनच्या १९७८च्या या ब्रिटिश सिनेमातले ससे बिळात गुदमरून मरत होते, एकमेकांचे कान फाडत होते आणि त्यांच्यात एक हुकूमशहा जनरलही होता. एका सशाला तर अख्खं शेत रक्ताने भिजलेलं दिसायचं. धाकटा भाऊ उशीमागे गेला. आई कुरडयांसाठी चीक घोटत होती आणि चीक घोटणं मध्ये सोडता येत नाही. तिने आतूनच विचारलं, “दिसतायत का रे ससे?” आम्ही म्हटलं, “दिसतायत.” यात खोटं काहीच नव्हतं.

काकांना दोष देण्यात अर्थ नाही. खुद्द ब्रिटनच्या सेन्सॉरने हा सिनेमा ‘सर्वांसाठी’ म्हणून पास केला होता आणि पालकांना सावध करणारं प्रमाणपत्र द्यायची बुद्धी त्यांना २०२२ साली झाली. म्हणजे जे मत जिन्याखाली होतं, तेच चव्वेचाळीस वर्षं लंडनमध्येही होतं.

मग गाय-घोडा-डुक्कर बघून ‘ॲनिमल फार्म’ आला. १९५४च्या या सिनेमामागे अमेरिकेच्या सीआयएचा पैसा होता आणि ऑर्वेलचा शेवट बदलून त्यात प्राण्यांचा डुकरांविरुद्धचा उठाव घातला होता, हे फार उशिरा कळलं. शीतयुद्धासाठी हेरखात्याने पोसलेला माल आमच्याकडे मात्र ‘पोरं दुपारभर गप्प बसतील’ या हेतूने आला आणि तो हेतू पूर्ण सफल झाला. बॉक्सर घोड्याला गाडीत घालून नेलं, तेव्हा घरात चिटपाखरू बोलत नव्हतं.

कॅसेट तीन तासांची आणि सिनेमा त्याच्या निम्म्याहूनही कमी. टेप वाया जायला नको म्हणून उरलेल्या जागेत कुणीतरी कुस्त्या भरल्या होत्या. त्यामुळे शोकांतिकेनंतर हल्क होगन येतो आणि बनियन फाडतो, अशी आमची पक्की समजूत झाली. अजूनही करुण सिनेमा संपला की मी लगेच उठत नाही.

पुढे ‘आकिरा’ आला. ओतोमोचा हा १९८८चा जपानी सिनेमा. बाबा फक्त बातम्या बघत. मोटारसायकली दिसल्या म्हणून ते एका पायावर थांबले, तेत्सुओचा हात फुगून मांसाचा डोंगर झाला तेव्हा खुर्चीत बसले आणि शेवटी म्हणाले, “याला कार्टून म्हणतात?” त्या रात्रीच्या बातम्या मात्र त्यांनी चुकवल्या.

या शिक्षणाचा परिणाम असा, की पुढे रविवारी दूरदर्शनवर मोगली आला तेव्हा सगळी गल्ली त्याच्या बाजूने होती आणि आम्ही दोघं भाऊ शेरखानचं म्हणणं काय आहे ते ऐकून घ्यावं, अशा मताचे होतो. गोड शेवट दिसला की आम्हाला त्यात सीआयएचा वास येतो.

आता सगळं शिस्तीत आहे. भाचीच्या टॅबवर लहान मुलांचं वेगळं खातं आहे, वयाची अट आहे, पिन आहे. तिने एक गुणी अस्वल पाहिलं की ॲप तिला तसलीच आणखी गुणी अस्वलं दाखवतं. हे यंत्र कधी चुकत नाही, म्हणूनच मला त्याची काळजी वाटते. परवा मी ताईला म्हटलं, “सशांचा एक छान सिनेमा आहे, दाखवू का हिला?” ताईने आधी मोबाइलवर त्याची माहिती वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. वाद नको म्हणून ती पिन टाकायला गेली, तर पिन आठवेना. तो भाचीने सांगितला.

“पण मी पाहिलाय तो, मामा,” ती म्हणाली. “तो जनरल शेवटी मेला की नाही, ते सांगतच नाहीत. म्हणून तर आवडला.”